न झालेली कुस्ती

आमच्या ह्यांचे थोरले भाऊ तात्या पहिलवान कधी उताणे झोपायचे नाहीत. पडवीत घोंगडी अंथरली की भिंतीला पाठ लावून कुशीवर व्हायचे, नाहीतर सरळ पालथे. एकदा पोटात कळा आल्या म्हणून वैद्यांना बोलावलं. ते उताणं व्हा म्हणाले, तर तात्यांचं उत्तर, "बसल्या बसल्या तपासा की. पोट काय पळून जातंय व्हय?" रिह्याच्या खोऱ्यात ह्या गोष्टीचं मोठं कौतुक होतं. ज्या माणसाची पाठ कुणी मातीला लावली नाही, तो झोपेतसुद्धा ती टेकू देत नाही, असं लोक पाहुण्यारावळ्यांना सांगायचे. पाहुणे मग पडवीत डोकावून खात्री करून घ्यायचे.

मी हे गप्प ऐकून घ्यायची. कारण मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा तात्या खुशाल उताणे पसरून घोरत असत. पहाटे मी अंगण झाडायला निघाले की त्यांची ती दरवाजाएवढी छाती वरखाली होताना दिसायची, आणि घोरण्याचा आवाज गोठ्यापर्यंत यायचा. तेव्हाही ते अजिंक्यच होते. म्हणजे हे उताणं न झोपणं त्यांना नंतर लागलं होतं, आणि त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं.

मी पुण्याच्या पेठेतली, सातवी शिकलेली. रिह्यात आले आणि पहिल्या आठवड्यातच मला वाटलं, आपलं लग्न नवऱ्याशी लागलेलं नाही, तात्यांच्या भुकेशी लागलं आहे. भाकऱ्या थापता थापता मनगटं सुजायची. भिजवलेले बदाम कुटायचे, ते दुधात घालायचे, म्हशीचं तूप कढवायचं, आणि तात्यांनी पितळी रिकामी करून म्हणायचं, "वाईच भूक मोडली." तात्यांनी लग्न केलं नाही. वस्तादांनी लंगोट बांधताना जो शब्द घेतला तो त्यांनी पाळला, आणि त्या शब्दाचा सगळा स्वयंपाक माझ्या वाट्याला आला.

कुस्ती मी आयुष्यात पाहिलेली नाही. बायकांनी तालमीच्या बाजूनं जायचंसुद्धा नाही, हौदातल्या मातीला विटाळ होतो म्हणे. ती लाल माती मऊ राहावी म्हणून तिच्यात जे ताक ओतायचे ते मात्र आम्हीच घुसळून द्यायचं. तेव्हा मला कुस्तीतलं जे काही कळतं ते चुलीपाशी बसून, भिंतीपलीकडचं ऐकून कळलेलं आहे. पण भिंतीपलीकडून बरंच ऐकू येतं.

भिंतीपलीकडे वर्षानुवर्षं एकच वाद चालायचा. तात्या थोर की बापू थोर? बापू पहिलवान कासारसाईचे. मधे डोंगराची एक धार, अलीकडे रिहे, पलीकडे कासारसाई, आणि दोन्हीकडे एकेक न हरलेला मल्ल. रिह्याची माणसं म्हणायची, तात्यांच्या कुस्त्या जास्त, ताकद जास्त, समोरचा दमून बसेस्तोवर हा गडी झुंजतो. कासारसाईची म्हणायची, बापूनं बाहेरच्या जिल्ह्यातले नावाजलेले मल्ल पाडले, आणि तेही सलामी होऊन हलगी रंगात यायच्या आत. लग्नाच्या पंगतीत, बाजारात, मयतीला जमलेल्या माणसांतसुद्धा हा विषय निघायचा. दोन गावांत सोयरिकी होत होत्या त्या मोडायच्या बेताला यायच्या.

आणि जिच्यामुळे वाद मिटला असता ती कुस्ती कधी झालीच नव्हती. दोघंही पुण्यात एकाच वस्तादांच्या हाताखाली तयार झालेले. एका वस्तादाची पोरं मैदानात एकमेकांवर हात टाकत नाहीत, हा रिवाज. तालमीत दोघं रोज खेळायचे, पण खेळता खेळता एकाची पाठ टेकणार असं दिसलं की वस्ताद "सुट्टी!" म्हणून ओरडायचे. वस्तादांना भीती होती की निकाल लागला तर तालमीचे दोन तुकडे पडतील. त्यामुळे गावांनाच काय, खुद्द त्या दोघांनाही माहीत नव्हतं, की कोण कुणाला भारी.

तात्यांचं त्यामुळे काही अडत नव्हतं. अडत होतं बापूंचं. वस्ताद वारल्यानंतर ते एकदा आमच्याकडे आले. उंच, सडपातळ, बोलताना हात नाचवणारा माणूस. तात्यांच्या शेजारी बसले तर हे पहिलवान आहेत असं कुणाला वाटलं नसतं. मी पदर सावरून वाढत होते. कालवणाचा पहिला घास घेऊन बापू म्हणाले, "तात्या, आता वस्ताद न्हाईत. सुट्टी म्हनायला कोन हाय? येकदा धरू या."

"कशापायी?"

"कळाय पायजे गड्या. मरायच्या आदी येकदा कळाय पायजे, कुनाची पाठ लागती ते."

तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "दोगांचीबी न लागता ऱ्हायली तर काय वाईट हाय?"

"तुला न्हाई वाईट वाटत. मला झोप लागत न्हाई," बापू म्हणाले, आणि मग स्वतःच हसले. जाताना त्यांनी दारातल्या तात्यांच्या मानेवर हात टाकून एक हिसका दिला. तात्या हलले नाहीत. "अजून बी खांब हाईस," असं म्हणून बापू डोंगराच्या वाटेला लागले.

पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या आदल्या वर्षी बापूंना कावीळ झाली. गावठी औषधं झाली, पुण्याचे डॉक्टर झाले. निरोप आला तसे तात्या निघाले आणि तिकडेच राहिले. परत आले ते सुतकी चेहऱ्यानं. अंगणात उभे राहिले, मी हातापायांवर पाणी घातलं. पाय धुऊन झाले तरी ते हात धूतच राहिले. मी दुसरी घागर आणली, तीही संपली. मग तळहात उलटेसुलटे करून बघत पडवीत जाऊन बसले. त्या दिवसापासून ते मैदानात उतरले नाहीत, आणि त्या दिवसापासून उताणे झोपले नाहीत. मी दोन्ही गोष्टी एकाच दुःखाच्या खात्यावर टाकल्या. जिवाभावाचा माणूस गेला, असं होणारच.

पण पुढे पुढे मला त्यांचं वागणं उमजेना. भाताची पोती घरात आणायची तर तात्या एकेक पोतं लीलया उचलून आणायचे, पण आडवं टाकायचे नाहीत. भिंतीला उभं करून ठेवायचे. जागा पुरायची नाही, हे वैतागायचे, मग तात्या बाजूला झाले की हेच ती पोती आडवी लावायचे. कासारसाईत त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. बापूंचा पोरगा महादू तिकडे वाढत होता, लंगोट बांधायला लागला होता. दसऱ्याला तात्या त्याच्यासाठी कुणाच्या तरी हाती बदाम धाडायचे, पण भेटायला जायचं नाव नाही. कासारसाईची माणसं म्हणायची, जिता राहिला त्याला माज चढला. तिन्हीसांजेला ते पायरीवर बसायचे तेही एका कडेला, शेजारी कुणी येऊन बसणार असल्यासारखे. मला त्या रिकाम्या जागेवरून दिवा घेऊन जायचं जिवावर यायचं. मी पलीकडच्या दारानं जायची.

आता बापू नाहीत म्हटल्यावर रिह्याच्या लोकांना जोर चढला होता. एका जत्रेत पंचांनी तात्यांना मानाचा फेटा बांधला आणि पुकारलं, "मुळशी पेट्यातला येकमेव अजिंक्य मल्ल!" हे तिथं हजर होते, त्यांनी घरी येऊन सांगितलं. तात्यांनी फेटा उतरवला, नीट गुंडाळला आणि पंचांच्या मांडीवर ठेवला. "दोगांची नावं घ्या, न्हाईतर माजं घिऊ नका." कुणीतरी मागून म्हणालं, "मेल्यालं मानूस आता काय कुस्ती खेळतंय?" तात्या त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिले की तो माणूस गर्दीतून उठून गेला. समोरासमोर कुणी विचारलं, तात्या, खरं सांगा, थोर कोण, तर उत्तर ठरलेलं. "बापू." दुसरा शब्द नाही. लोक म्हणायचे, केवढा विनय! मलाही तसंच वाटायचं.

माझी शकू जन्मली तेव्हा ह्या सगळ्याचा उलगडा झाला. तात्यांना लेकरांचं फार वेड. शकूला घेऊन अंगणभर फिरायचे, तिच्या मुठीत आपली मिशी द्यायचे. पण ती झोपली की कुणाच्या तरी हातात देणार. पाळण्यात म्हणून कधी ठेवायचे नाहीत. मी दळणाला गेले असले तर तासन्‌तास तिला छातीशी घेऊन उभे. एकदा घरात दुसरं कुणी नव्हतं. चुलीवर दूध उतू जात होतं, माझे हात पिठात, शकू तात्यांच्या खांद्यावर गाढ झोपलेली, आणि ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन नुसते उभे. त्या काळी धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी तोंडातोंडी बोलत नसे. पण दुधाला ते कुठं ठाऊक? मी सरळ ओरडले, "अहो तात्या, ठेवा की तिला पाळण्यात! तिला काय काटे आहेत का?"

तात्या हलले नाहीत. मी पातेलं उतरवलं, हात पुसले, शकूला घेतलं, पाळण्यात ठेवलं. वळून बघते तो तात्या दाराच्या चौकटीला टेकून खाली बसलेले. त्यांनी तोंड अंगणाकडे केलं होतं. पडवीच्या खांबाशी बोलावं तसे ते बोलायला लागले.

"बाई, बापूला म्या खाली घेतला."

माणूस जायला लागला की त्याला बाजेवरून उतरवून सारवलेल्या भुईवर घेतात. हे मी जाणत होते. ह्यात सांगण्यासारखं काय, ते मला कळेना.

"समदी रडत हुती. म्हनली, तात्या, तुमीच घ्या, आमचं हात चालंनात. म्या येक हात खांद्याखाली घातला, येक मांडीखाली. लेकरासारका हलका झाला हुता. भुईला टेकवला. पाठ लागली, आन् बापूनं मान ताठ केली. खांदं वर उचललं. चीत व्हाया आल्याला गडी उचलतो ना, तसं."

"मग?"

"मग काय? माज्या हातानं दाब दिला."

पाळण्याची दोरी माझ्या हातात तशीच राहिली होती.

"म्या दिला न्हाई, बाई. हातानं दिला. उभ्या जन्मात हाताला त्येच शिकिवलं. खांदा उटला की दाबायचा. दाबला, आन् बापू गेला. डोळं उगडंच, माज्याकडं. त्याला काय वाटलं आसंल?"

"तात्या, ते जायच्याच वाटेवर होते."

"व्हय, जायाच्याच वाटंवर हुता. पर चीत हून गेला, आन् चीत म्या केला. तालमीत कवा न्हाई, मैदानात कवा न्हाई, आन् तितं, उटायचं बळ न्हाई तवा." त्यांनी तळहात समोर धरले. "लोक इचारत्यात थोर कोन. म्या माजं नाव सांगितलं, तर त्ये खरं हुतंय."

मला त्यांची दया आली आणि रागही आला, त्यांचा नाही, त्या पुरुषांच्या सगळ्या जगाचा, जे माणसाच्या हातांना एवढंच शिकवून सोडतं. मी उतू गेलेल्या दुधावर राख टाकली आणि त्यांना उरलेल्या दुधाचा पेला नेऊन दिला. त्यानंतर आम्ही ह्या विषयावर कधी बोललो नाही. फक्त तात्या दाराशी शकूला घेऊन उभे राहिले की मी हातातलं टाकून जायची आणि तिला घ्यायची. पुढच्या दोन लेकरांच्या वेळीही तसंच.

कोयनेचा भूकंप झाला त्या हिवाळ्यात तात्यांनी अंथरूण धरलं. धरलं म्हणजे काय, बाजेवर भिंतीला टेकून बसून राहिले. छातीत पाणी झालं होतं. आडवे होत नव्हते, जेवत नव्हते. एका सकाळी श्वासाची घरघर लागली. भावकीतली म्हातारी माणसं जमली आणि म्हणाली, खाली घ्या. हे पुढे झाले, चुलतभाऊ पुढे झाले, तर तात्यांनी बाजेच्या कडेची दांडी अशी धरली की चौघांना सोडवेना. सगळे म्हणायला लागले, जीव अडकलाय, कशात अडकलाय बघा. कुणी शेताचं नाव घेतलं, कुणी म्हशीचं.

मला माहीत होतं. सगळ्या पुरुषांच्या देखत मी माजघराच्या दारात आले आणि म्हणाले, "कासारसाईला माणूस धाडा. बापूंच्या महादूला बोलवा."

सासूबाई असत्या तर माझी खैर नव्हती. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता सायकलवर एकाला पिटाळलं.

महादू दुपार कलायच्या आत आला. बापूंसारखाच उंच, पण अंगानं भरलेला, कान मोडलेले. एवढी वर्षं ज्यांनी तोंड दाखवलं नाही त्या तात्यांनी आता कशाला बोलावलं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. तरी त्यानं वाकून पायाला हात लावला.

"बापूचा का?" तात्यांनी विचारलं.

"व्हय, तात्या."

"तू घे मला खाली."

बाजेची दांडी त्यांनी आपणहून सोडली. महादूनं एक हात खांद्याखाली घातला, एक मांडीखाली, आणि सारवलेल्या भुईवर त्यांना अलगद टेकवलं. पाठ लागली आणि तात्यांनी मान ताठ केली. खांदे उचलले. ते नाटक नव्हतं. गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या.

"दाब," ते म्हणाले.

महादूनं गोंधळून सगळ्यांकडे बघितलं. कुणीतरी म्हणालं, भ्रमात आहेत.

"दाब, महादू," मी दारातून म्हणाले. "ते सांगतात तसं कर."

त्यानं दोन्ही तळवे तात्यांच्या खांद्यांवर ठेवले आणि दाब दिला. क्षणभर दोघं तसेच राहिले. मग खांदे भुईला टेकले. तात्यांनी महादूच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं, कुणाला तरी ओळखावं तसं. "झालं," म्हणाले, आणि डोळे मिटले.

ते लगेच गेले नाहीत. त्यांना झोप लागली. त्या भुईवर, सगळ्या गोतावळ्याच्या मधोमध, तात्या उताणे पडून घोरायला लागले. मी नवी नवरी होते तेव्हाचा तो आवाज होता. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी तोंडात पदर कोंबून माजघरात गेले आणि पोटभर रडले. ऊन उतरलं तेव्हा तो आवाज थांबला.

दहाव्याला महादू आला. बाहेर मांडवाखाली माणसं जमली होती आणि विषय अर्थातच तोच. दोघंही न हरता गेले, तर मग थोर कोण? ह्याच्या कुस्त्या जास्त, त्याच्या कुस्त्या मोठ्या. महादू त्यांच्यात बसला नाही. मागच्या दारी येऊन म्हणाला, "काकी, हातावर पानी घाला." मी घातलं. हात धुऊन झाल्यावर तो म्हणाला, "त्ये दाब का म्हनलं? त्या दिसापास्नं माज्या हातातनं जाईना."

मी त्याला सगळं सांगितलं. त्याच्या बापाच्या मरणाची गोष्ट होती ती, त्याला ठाऊक असण्याचा हक्क होता. तो ऐकत राहिला. मांडवातून कुणाचा तरी चढलेला आवाज येत होता, तात्यांनी अमक्याला कसा फिरवला त्याचा. महादूचे डोळे भरून आले. "मंग बरुबरीत सुटली म्हनायची," तो म्हणाला.

"हो रे बाबा. सुटली."

पण बोलता बोलता त्यानं तळहात उलटे केले आणि बघायला लागला. तेच हात, तशीच मान वाकलेली. मी घागर खाली ठेवली, आत गेले आणि माझं तान्हं आणून त्याच्या हातात दिलं. "धर ह्याला. मला पानं वाढायची आहेत. झोपलं की पाळण्यात ठेव."

पानं वाढायची होती हे खरंच होतं. पण मी भाताचं पातेलं घेऊन दाराआड उभी राहिले. महादू पोराला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होता. पोर झोपलं. तो पाळण्यापाशी थांबला, आणि थांबूनच राहिला. आतून कुणीतरी मला हाक मारली, मी ओ दिली नाही.

मग तो वाकला. पोराला त्यानं उताणं निजवलं, आणि हात काढून घेतले.